चार नंबरची तार

मुंजाबाचा हात आधी उठायचा, तोंड मागाहून उघडायचं. वाळूजच्या ज्या शेडात तो फिटर होता, तिथं त्याचा तडाखा न खाल्लेला माणूस शोधावाच लागला असता. डाळीत खडा निघाला म्हणून त्याने कॅन्टीनवाल्याला कॉलर धरून डाळीच्या पातेल्यापर्यंत फरफटत नेलं होतं. घरी बायकोवर, सखूबाईवरही त्याने एकदा हात उगारला. तिने स्टोव्हवरचा तापलेला तवा सांडशीत धरला आणि "या" एवढंच म्हणाली. त्यानंतर घरात जी शांतता आली ती त्या तव्याची, असं सखूबाई अजूनही सांगते.

असा माणूस एकदा पाच दिवस गप्प बसला. त्याच्या आयुष्यातली सांगण्यासारखी गोष्ट तेवढीच आणि ती त्याच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा वाईट आहे.

मूळचा तो पाचोडकडच्या एका खेड्यातला. घर धनगराचं, शंभर-सव्वाशे मेंढरं, बाप सोनाजी वर्षातले आठ महिने रानात. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. मुंजाबा तेव्हा एकोणीस वर्षांचा. गावातली माणसं रॉकेलचे डबे घेऊन दलितवस्तीकडे निघाली, तेव्हा विद्यापीठ कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. सगळे निघाले म्हणून तो निघाला. मेंढरं हाकायची काठी हातात होतीच. एका जळत्या घरातून एक म्हातारा पत्र्याची पेटी छातीशी धरून बाहेर आला. मुंजाबाने त्याच्या गुडघ्यावर काठी घातली. म्हातारा आडवा झाला, पेटी उघडली, आतून शाळेच्या वह्या बाहेर पडल्या. कुणाला मारलं ते आठवत नाही, असं तो पुढे पोलिसांना म्हणाला. चांगलं आठवतं.

पाच-सहा वर्षांनी मेंढरं रोगाने गेली आणि मुंजाबा संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला आला. वाळूजला तेव्हा रोज नवा पत्रा चढत होता. आधी हेल्पर, मग वेल्डर, मग फिटर. शेडात स्कूटरच्या मडगार्डाचे ब्रॅकेट बनायचे. ते जोडायला आठ स्पॉट मशिनी होत्या. पायाने पायडल दाबलं की हवेच्या दाबाने तांब्याची टिप धाडकन खाली यायची, दोन पत्रे चिमटीत धरायची, करंट सोडायची, ठिणग्या उडायच्या आणि टाका बसायचा. दाब दोनशे किलोचा. मुंजाबा नुसत्या आवाजावरून टाका पक्का की कच्चा ते सांगायचा. कळपात लंगडं मेंढरू कोणतं, हे न बघता ओळखायची सवय इथंही कामाला आली.

पण कानावर कारखाना चालत नाही. त्र्याण्णव साली टाके सुटतात म्हणून माल परत यायला लागला. नवीन मशिनी घेण्याऐवजी शेठने जुन्यांनाच नवे प्रोग्रॅमचे पॅनल बसवायचं ठरवलं. जुन्या डब्यावर तीन झिजलेल्या खुंट्या होत्या, नव्यावर आकड्यांची बटणं. करंट किती, किती वेळ, सगळं आकड्यात. टिप मात्र पायडल सोडल्यावरच वर जायची. हे काम दोघांकडे आलं. पाइप, सिलिंडर, जाड केबली मुंजाबाकडे आणि वायरिंग, प्रोग्रॅम सांडूकडे.

सांडू हा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, सव्वीस वर्षांचा, कन्नडकडच्या दलितवस्तीतला. बाप नव्हता, आई आवडाबाई दुसऱ्यांच्या शेतात राबायची. मुंजाबा त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी मुंजाबाला वाटलं होतं, हे पोरगं आपल्याला काय शिकवणार. आठ दिवसांत तो शेंगदाणे फोडून देत त्याच्यासमोर बसायला लागला.

"मुंजाभाऊ, वीज सेकंदाला पन्नासदा धडकती," सांडू सांगायचा. "त्यातल्या किती धडका पत्र्याला द्यायच्या, ते ह्या डब्याला आपुन सांगायचं. आठ म्हणलं की आठ. नववी न्हाई."

"आन माणसाचा पाय दाबूनच ऱ्हायला तर?"

"तरी आठच."

मुंजाबाला ते लई आवडलं. आपल्या हाताला असं कुणी आकडे घालून दिले असते तर, असंही त्याच्या मनात आलं.

पॅनलबरोबर सांडूने प्रत्येक मशिनीला डोळा बसवला. काडेपेटीएवढ्या दोन डब्या. एकीतून उजेड निघायचा, समोरची तो झेलायची. पत्रा उजेडाच्या खालून सरकायचा, पण हात आत गेला की उजेड अडायचा आणि पायडल कितीही दाबलं तरी टिप खाली यायची नाही. पहिल्यांदा चार नंबरची मशीन तयार झाली. सांडूने सगळ्यांसमोर आपला हात टिपेखाली घातला आणि मुंजाबाला पायडल दाबायला सांगितलं. त्याने मान वळवून दाबलं. काहीच झालं नाही. शेड हसलं, शेठने पेढे वाटले.

प्रोग्रॅमला सांडूने कुलूप-नंबर टाकून ठेवला होता. तो त्याने कुणालाच सांगितला नाही, फोरमन अप्पारावलाही नाही. कारण अप्पारावने एकदा माल लवकर निघावा म्हणून आकडे वाढवले होते आणि पेटीभर ब्रॅकेट जाळून टाकले होते. आपल्यालाही नंबर सांगत नाही, हे अप्पारावच्या डोक्यात बसलं होतं.

दसरा आला. खंडेनवमीला शेडात मशिनींची पूजा असते. मुंजाबा दरवर्षी शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा आणायचा आणि प्रत्येक मशिनीवर मूठमूठ उधळायचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून सांडू नागपूरला निघाला होता. जाताना त्याने बजावलं होतं, "पूजा करा, मुंजाभाऊ. फक्त डोळ्याला काई लावू नका."

मुंजाबाने डोळ्याला काही लावलं नाही. सात मशिनींवर भंडारा जपून टाकला. पण चार नंबर ही पहिली, लाडकी. तिच्यावर येळकोट म्हणत त्याने दोन मुठी भंडारा वरून उधळला. हळदीची पूड उडाली, हवेबरोबर डबीच्या फटीत शिरली आणि आतल्या तेलावर चिकटून बसली. असली चूक कुणा नास्तिकाच्या हातून होणं शक्य नव्हतं.

दसऱ्यानंतर चार नंबर सुरू केली तर टिप खालीच येईना. डोळ्याला हळदीचा पडदा म्हणजे हातच दिसत होता. मुंजाबाने बाहेरून पुसलं, फुंकलं, उपयोग नाही. आतून उघडायचं त्याला माहीत नव्हतं. सांडू यायला तीन दिवस होते. अप्पाराव डोक्यावर उभा राहिला.

"माल आजच्या गाडीत जायला पाह्यजे. कसंबी कर, पर मशीन चालव."

सांडूबरोबर बसून मुंजाबाला एवढं कळत होतं की डोळ्याच्या दोन टोकांमध्ये तार टाकली की डब्याला वाटतं, सगळं मोकळं आहे. वीतभर लाल तार त्याने मशिनीच्या मागच्या पट्टीआडून फिरवून घट्ट केली. मशीन धावली. सांडू परत आला तेव्हा मुंजाबा म्हणाला, "जरा अडली व्हती. पुसली, झाली चालू." बजावून सांगितलेली एक गोष्ट आपल्याला पाळता आली नाही, हे कबूल करायची त्याला लाज वाटली. एवढीशी लाज. सांडू शेजारच्या शेडात नव्या पॅनलच्या कामाला लागला आणि तार राहून गेली.

अडीच महिने काही झालं नाही, कारण चार नंबरवर म्हातारा कडुबा होता आणि तो पत्रा चिमट्यानेच धरायचा. डोळ्या-बिळ्यावर त्याचा विश्वास नव्हता. जानेवारीत संक्रांतीसाठी कडुबा गावी गेला. त्याच्या जागी सहा नंबरवरचा बद्रीनाथ आला. हा गंगापूरकडचा, बऱ्यापैकी जमीनजुमल्याच्या घरातला, स्वभावाने गरीब. सहा नंबरचा डोळा ठणठणीत होता. तिथं पायडलवर पाय ठेवून वाकडा ब्रॅकेट बोटाने सरळ करायची बद्रीला सवय लागली होती.

सोमवारी, दहा तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला त्याने चार नंबरवर तेच केलं.

ओरडणं असं आलं की बाजूच्या शेडातल्या प्रेससुद्धा थांबल्या. टिप वर गेली तेव्हा बद्रीची दोन बोटं पत्र्याला चिकटून राहिली होती. बद्री त्यांच्याकडे बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. मुंजाबाने त्याला खांद्यावर टाकलं, मालाच्या टेम्पोत घातलं आणि घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलं. वाटभर रक्त त्याच्या मानेवरून खाली गळत होतं. बद्रीचा थोरला भाऊ पुंजाराम बाजूच्या शेडात प्रेसवर होता, तो मागून मोटरसायकलवर आला.

दुपारी मुंजाबा परत आला. शेडात जेवणाची सुट्टी होती. त्याने चार नंबरच्या मागची पट्टी उघडली आणि लाल तार उपसून खिशात घातली. डोळ्याची डबी आता तो उघडायला शिकला होता. आतला पिवळा थर त्याने फडक्याने खरवडून काढला. सगळं जागच्या जागी लावून तो बाहेर येऊन ओकला.

संध्याकाळी शेठ, अप्पाराव आणि सांडू मशीन तपासायला आले. सांडूने डोळ्यापुढे हात धरला. टिप आली नाही. दहादा धरला, दहादा आली नाही.

"डोळा तर चालू हाय," सांडू गोंधळून म्हणाला. "मंग हे झालं कसं?"

बिचारा खरं बोलला आणि स्वतःच्या खरेपणानेच फासात अडकला. डोळा ठीक, मशीन ठीक, तर खोट प्रोग्रॅमात. प्रोग्रॅम कुणाचा, तर सांडूचा. कुलूप-नंबर कुणाकडे, तर सांडूकडेच. अप्पारावला तारेचा वास आला नसेल असं नाही, पण त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. शिवाय त्या दिवसांत गावोगाव विद्यापीठाचाच विषय पेटला होता. नाव बदलणार, नाही बदलणार, बदललं तर बघून घेऊ. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं की सांडूने मुद्दामच केलं. सहा नंबरवर काही झालं नाही, चारवर बरोबर आमचाच माणूस बसला तेव्हा झालं. दोन दिवसांत ती अफवा उरली नाही, तिला साक्षीदारसुद्धा मिळाले.

मंगळवारी सांडू मुंजाबाजवळ आला. त्याचे डोळे झोप न झाल्यासारखे लाल होते.

"मुंजाभाऊ, तुम्ही तिथंच होता. काई पाह्यलं का?"

"नाय," मुंजाबा म्हणाला.

बुधवारी सांडूच्या डब्यात कुणीतरी ऑइल ओतलं. गुरुवारी त्याच्या सायकलचे टायर फाडले. मुंजाबाने ते करणाऱ्याला धरून भिंतीवर आपटलं, त्याचा दात पाडला, पण तोंडातून शब्द काढला नाही. मारणं त्याला सोपं होतं. घरी सखूबाईने विचारलं, जेवण का जात नाही? तर ताट भिरकावून तो उठला.

शुक्रवारी संक्रांत होती. त्याच दिवशी जाहीर झालं की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं. शहरात कुठं गुलाल उधळला गेला, कुठं टायर जळले. सांडूच्या वस्तीत रात्रभर ढोल वाजला. सखूबाई म्हणाली, "उद्या कामाला जाऊ नका." मुंजाबा गेला. सांडूही आला. सुट्टी टाकली असती तर लोक म्हणाले असते, पळाला.

साडेनऊला कुणीतरी शटर ओढलं. पुंजारामबरोबर बाजूच्या शेडातली पंधरा-वीस माणसं आत होती. हातात पाइप, सळया, एकाकडे प्रेसचा लोखंडी दांडा. सांडू पाच नंबरच्या पॅनलपुढे वाकलेला होता. पहिला पाइप त्याच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मुंजाबाच्या कानाने अचूक टिपला. दुसरा डोक्यात. सांडू खाली पडला, त्याने गुडघे पोटाशी घेतले. मग लाथा सुरू झाल्या.

"नंबर सांग," पुंजाराम ओरडत होता. "काय भरलंय त्या डब्यात, बोल."

अप्पाराव केबिनमध्ये होता. दाराला आतून कडी होती.

मुंजाबा गर्दीत घुसला. दोघांना त्याने मानेला धरून बाजूला फेकलं, तिसऱ्याच्या नाकावर डोकं हाणलं. पण वीस जणांना एक माणूस किती पुरणार? त्याच्याही पाठीत सळई बसली आणि तो गुडघ्यावर आला. सांडूच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा येत होता. अजून चार लाथांचं काम होतं.

"म्या केलं," मुंजाबा म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. मग तो शेड हादरेल असा ओरडला. "म्या केलं. तार म्या टाकली व्हती."

हात थांबले. त्याने खिशातून लाल तार काढली. पाच दिवस ती खिशातच होती. अडखळत, धापा टाकत त्याने भंडारा सांगितला, अप्पाराव सांगितला, तार सांगितली.

"खोटं," पुंजाराम म्हणाला. "दोस्ताला वाचवतोस."

मुंजाबा उठला आणि चार नंबरपाशी गेला. डावा हात त्याने टिपेखाली ठेवला. "दाब पायडल."

पुंजारामने दाबलं, भावाच्या दोन बोटांचा सगळा राग पायात आणून दाबलं. टिप जागची हलली नाही. पुन्हा दाबलं. नाही.

"ह्यो सांडूचा प्रोग्रॅम," मुंजाबा म्हणाला. "आता माझी तार बघ."

मागून त्याने तार जोडली. तो बाजूला पडलेला लाकडी ठोकळा उचलायला वाकला होता, टिपेखाली ठोकळा ठेवून दाखवायचा त्याचा विचार होता. पण पुंजारामने त्याचं मनगट पकडलं आणि हात टिपेखाली ओढला. पुंजाराम शरीराने किरकोळ. मुंजाबाने मनात आणलं असतं तर एका झटक्यात तो भिंतीवर जाऊन आदळला असता. मुंजाबाने हात ओढून घेतला नाही. त्याने पुंजारामच्या डोळ्यात पाहिलं आणि बोटं पसरून तळहात टेकवला.

पुंजारामने पाय दाबला.

दोनशे किलो. तळव्याची हाडं सुक्या काटक्यांसारखी मोडली. मुंजाबाच्या तोंडून गुरासारखा आवाज निघाला. करंट आठ धडकांत संपला असेल, पण दाब संपेना, कारण पुंजारामचा पाय पायडलवर तसाच राहिला होता. तो बघत होता आणि त्याला पाय उचलायचं सुचत नव्हतं. कुणालाच काही सुचत नव्हतं. पंधरा-वीस बाप्ये हातात सळया घेऊन उभे होते आणि त्यांच्यातल्या एकालाही मशीन थांबवता येत नव्हती.

जमिनीवरून सरपटत सांडू आला. एक डोळा रक्ताने मिटलेला, उजवा हात लोंबता. त्याने डाव्या हाताने खांब धरला, अर्धा उठला आणि पॅनलवरचं लाल बटण कपाळाने दाबलं. टिप वर गेली. दोघंही एकमेकांवर कोसळले.

गर्दी पांगायला वेळ लागला नाही. सळया जागच्या जागी ठेवून लोक आपापल्या शेडात गेले, जणू चहा पिऊन आले. पुंजाराम तेवढा चार नंबरपाशी बसून राहिला.

घाटीत दोघांना एकाच वॉर्डात टाकलं, मध्ये तीन खाटा. मुंजाबाने पोलिसांना सगळा जबाब दिला. या वेळी काहीही न विसरता, नावानिशी, स्वतःच्या नावासकट. नोकरी गेली. हात पुढे कधी मिटला नाही, पण ते नंतरचं. त्या वॉर्डात मात्र त्याला मनातून बरं वाटत होतं. आपण फेडलं, असं वाटत होतं. कन्नडहून, खुलताबादहून सांडूचे नातेवाईक यायचे आणि जाताना मुंजाबाच्या खाटेपाशी हात जोडायचे. एकीने त्याला तिळगूळ दिला.

चौथ्या दिवशी सांडूला बोलता यायला लागलं. मुंजाबा सलाइनची बाटली धरून त्याच्या खाटेपाशी गेला. उशाला आवडाबाई बसली होती. सांडूच्या डोक्याला चौदा टाके होते, खांदा बांधलेला.

"कसं वाटतंय?" मुंजाबाने विचारलं.

सांडूने त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"लोक तुमचं लई नाव घेतेत, मुंजाभाऊ. मुंजाबानं हात दिला म्हून." त्याला धाप लागली. "म्या तुम्हाला मंगळवारीच विचारलं व्हतं. काई पाह्यलं का म्हून. व्हय म्हणायला हात लागतो का?"

पलीकडच्या खाटेवरचा रोगी खोकत होता. आवडाबाईने मुलाच्या अंगावर चादर ओढली आणि वर न बघता म्हणाली, "जा आता तुम्ही. त्याला निजू द्या."

तो बाटली सावरत आपल्या खाटेकडे गेला.